मधुरा मोहिते कुठे आहे?

परदेशात बायकोला बोलवायचं असेल तर आधी ती आपली बायको आहे हे सिद्ध करावं लागतं. गावाकडे कुणाला हे सांगितलं की हसतात. सगळा गाव जेवून गेलाय, आणखी काय सिद्ध करायचं, असं विचारतात. मीही आधी हसायचो. पुढे तेच माझं काम झालं, त्यावरच घरच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला, आणि हसायचं बंद झालं.

दुबईत देरा भागात, सोनारांच्या बाजारामागे, आमचं टायपिंग सेंटर होतं. टायपिंग सेंटर म्हणजे काय, ते सांगतो. तिकडे सरकारचा प्रत्येक अर्ज अरबीत लागतो. ज्याला अरबी येत नाही, म्हणजे आपण सगळेच, तो अशा दुकानात येतो, कागद पुढ्यात ठेवतो, आणि आतला टायपिस्ट अर्ज करून देतो. मी टायपिस्ट नव्हतो. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, गुहागरकडचा. दुकानात आधी झाडलोट केली, मग कागद घेऊन फिरायला लागलो. इमिग्रेशन, शिक्क्याचं ऑफिस, आपलं कॉन्सुलेट, विमानतळ. अशा माणसाला तिकडे मंदूब म्हणतात. आईला वाटायचं मी मोठा साहेब झालो. मी म्हटलं, आई, पोस्टमनच समज, फक्त मी रांगेतही उभा राहतो.

मालक हमीदिक्का, केरळचे. इक्का म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. त्यांनी मला ठेवून घेतलं याचे उपकार मी कधी विसरणार नाही, कारण माझ्यात ठेवून घेण्यासारखं एकच होतं, भीती. हातातला कागद हरवेल, पडेल, भिजेल, याची मला सतत धास्ती. प्लास्टिकचं फोल्डर छातीशी धरून चालायचो आणि प्रत्येक सिग्नलला उघडून बघायचो. हमीदिक्का गिऱ्हाइकांना सांगायचे, "पासपोर्ट इसको दो। ये आदमी सोता भी नहीं।"

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यातले फोरमन सरदारजी बायकोला आणायचं म्हणून आले. मी मॅरेज सर्टिफिकेट मागितलं. त्यांनी पिशवीतून लग्नाचा अल्बम काढला, मखमलीचा, उचलायला दोन हात लागतील असा. म्हणाले, "ओ जी, इसमें पूरा पिंड खड़ा है। अब और कौन सा सबूत?" पिंड म्हणजे त्यांच्याकडे गाव. मी म्हटलं, पाजी, सरकारला शिक्का लागतो. ते खूप दुखावले. शेवटी हमीदिक्कांनी चहा मागवला आणि आम्ही सगळ्यांनी तो अल्बम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला, तेव्हा कुठे ते सर्टिफिकेट आणायला तयार झाले.

मग मंदी आली. टीव्हीवर अमेरिकेतल्या बँका दाखवत होते, पण आम्हाला ती कळली ती रांगेवरून. तोवर दुकानात नव्या व्हिसाची रांग दारापर्यंत असायची आणि कॅन्सलेशनला एखादाच यायचा. काही महिन्यांत ते अगदी उलटं झालं. टाय लावलेली माणसं शांतपणे खुर्चीत बसायची, कॅन्सलेशन टाइप करून घ्यायची आणि फीबद्दल घासाघीस करायची नाहीत. एरवी फी दिरहममध्ये सांगितली की आपला माणूस मोठ्याने रुपये करतो आणि मग "एवढे?" म्हणतो. ते "एवढे?" ऐकू येईना झालं, तेव्हा मला खरी भीती वाटली.

त्याच दिवसांत विक्रम मोहिते आणि त्यांची बायको आली. दोघं इस्लामपूरकडची. विक्रमसाहेब एका बांधकाम कंपनीत मोजमापं आणि बिलं काढायचे. इमारतच थांबली, नोकरी गेली. बाई एका इस्पितळात नर्स. दोघं आपापल्या नोकरीच्या व्हिसावर आलेले, म्हणून इतकी वर्षं एकमेकांचे कोण हे कुठल्याच सरकारला सांगायची वेळ आली नव्हती. बाई ड्युटीवरून तशाच आल्या होत्या, पांढरे बूट, वर शाल. मराठी ऐकून मी लगेच पाणी आणलं.

"संतोष, सरळ विचारते," बाई म्हणाल्या. "बायकोच्या व्हिसावर नवऱ्याला ठेवता येतं का?"

विक्रमसाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मी म्हटलं, "येतं, ताई. पण काही ठरावीक पेशांनाच. डॉक्टर, शिक्षिका, नर्स. आणि वरच्या साहेबांची खास परवानगी लागते."

"आणि शिक्का काय मारतात?" विक्रमसाहेबांनी कॅलेंडरलाच विचारलं.

"काम करायची परवानगी नाही, असा."

"म्हणजे मी घरी बसून भाकऱ्या थापायच्या."

"थापता येतात का?" बाईंनी विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आम्हाला कॅनडाची पीआर करायची आहे, एकत्र. पीआर म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी. आमचा सल्लागार म्हणतो, नर्स त्यांच्या यादीत आहे. तेव्हा मुख्य अर्जदार मी आणि नवरा माझ्याबरोबर. पण तो म्हणतो, दोघांचे इथले व्हिसे नीट करा, एका पत्त्यावर राहताय असं दिसू द्या, मग फाइल टाका. हा इस्लामपूरला जाऊन बसला तर तो तिथे, मी इथे, आणि फाइल कुठेच नाही."

"तिथेही तिच्याबरोबर आणि इथेही तिच्यावर," विक्रमसाहेब म्हणाले. "आप्पांना काय सांगू? मुलगा सुनेच्या व्हिसावर आहे?"

"सांग, ती भाडं भरते, तू बिलं तपास. तुझंच काम आहे."

ते हसले नाहीत, पण फॉर्मवर सही केली.

आता एक गोष्ट समजावतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी जुना व्हिसा रद्द झाला की महिनाभराची मुदत. तेवढ्यात नवा लागला तर ठीक, नाहीतर देशाबाहेर पडायचं आणि नवा व्हिसा घेऊन परत आत यायचं. भारतात जाऊन येणं महाग, म्हणून लोक इराणच्या किश बेटावर जायचे. छोटं विमान, बसलं न बसलं तोच उतरायचं. तिथल्या हॉटेलांत खाटेला खाट लावून केरळचे, फिलिपाइन्सचे, आपले, सगळे पडून असायचे. दुबईहून व्हिसाची कॉपी फॅक्सने आली की भिंतीवर नाव लागायचं आणि ज्याचं नाव लागलं तो पळत सुटायचा. मूळ व्हिसा मी इकडे विमानतळावरच्या काउंटरला जमा करायचो. तो जमा नसेल तर आत घेत नाहीत. बेटावर फार दिवस थांबताही येत नाही. व्हिसा आला नाही तर तिथूनच भारताचं तिकीट.

विक्रमसाहेबांची मुदत संपत आली आणि खास परवानगीचा कागद वर कुठेतरी सहीला पडलेला. तेव्हा त्यांना बेटावर जावंच लागलं. टर्मिनलला मी सोडायला गेलो. बॅग एवढीशी. म्हणाले, "संतोष, माझं सगळं आता तुझ्या त्या फोल्डरमध्ये आहे." तसं मला कुणी म्हणू नये. त्या दिवशी मी सिग्नल नसतानाही फोल्डर उघडून बघत होतो.

दोन दिवसांनी इमिग्रेशनमधून बोलावणं आलं, बाईंना घेऊन या. काउंटरवर स्थानिक मॅडम होत्या, पायघोळ काळा अबाया, टापटीप, आणि हिंदी आमच्यापेक्षा चांगली. त्यांनी एकेक कागद टेबलावर मांडला.

"सिस्टर, तुम्हारा नाम?"

"मंगल पाटील."

"पासपोर्ट में मंगल शिवाजी पाटील। ठीक। शौहर विक्रम मोहिते। उसके पासपोर्ट में बीवी का नाम मधुरा।" त्यांनी मॅरेज सर्टिफिकेट पुढे सरकवलं. "इसमें भी मधुरा विक्रम मोहिते। तो मधुरा किधर है?"

बाईंनी सर्टिफिकेट उचलून पुन्हा वाचलं.

मॅडम अगदी सहज म्हणाल्या, "दो बीवी है तो भी मुश्किल नहीं। लेकिन तुम्हारा काग़ज़ लाओ। ये तो मधुरा का है।"

तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्याकडे लग्नात तांदळाचं ताट ठेवतात, नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात. इस्लामपूरला मंगलची मधुरा झाली. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, हौसेने नोंदणी केली ती नव्याच नावाने. विक्रमसाहेबांनी पासपोर्ट नवा केला तेव्हा बायकोच्या रकान्यात मधुरा लिहिलं. बाईंचा पासपोर्ट मात्र लग्नाआधीचा. नर्सिंगची पदवी, परवाना, परीक्षा, नोकरी, सगळं मंगल पाटील. ते बदलायला कुणाला वेळ होता? ती फाइल आम्ही तिघांनी किती वेळा चाळली असेल. पण तिघेही मराठी. एकाच बाईची दोन नावं बघून आमच्यातल्या कुणालाच काही खटकलं नाही. आमच्या टायपिस्टनेही, जसं होतं तसं, इमानदारीत अरबीत उतरवलं.

बाईंनी सगळं समजावलं, ताट, तांदूळ, अंगठी. मॅडम हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या.

"अच्छा रिवाज है," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "पहला नाम ख़राब था क्या?"

"नहीं."

"फिर क्यों बदला? हमारे यहाँ शादी के बाद भी बाप का दिया नाम ही रहता है, मरने तक।"

बाईंनी पदराने तोंड पुसावं तसं शालीने पुसलं.

"मैं मानती हूँ तुम ही मधुरा हो," मॅडम म्हणाल्या. "लेकिन मुदीर नहीं मानेगा। कॉन्सुलेट से लिखाके लाओ कि दोनों एक ही औरत है। इन्शाल्ला हो जाएगा।" मुदीर म्हणजे त्यांचे वरचे साहेब.

दुकानात परत आलो तर फोन वाजत होता. बेटावरून विक्रमसाहेब.

"संतोष, काही आलं का? इथे रोज भिंतीवर नावं लागतात. माझ्या शेजारचा गेला, त्याच्या शेजारचा गेला. हॉटेलवाला म्हणतो उद्यापर्यंत बघू, नाहीतर मुंबईचं तिकीट काढा."

मी फोन बाईंच्या हातात दिला.

"मी बोलतेय," बाई म्हणाल्या. "व्हिसा अडलाय. त्यांना तुझी मधुरा हवी आहे."

मग त्यांचा आवाज बाहेर ऐकू आला, "म्हणजे काय?"

"म्हणजे मंगल नावाच्या बाईला तुला बोलवायचा हक्क नाही म्हणे. तू तिच्याशी लग्न केलेलं नाहीस."

हे त्या हसत म्हणाल्या. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिल्या. हमीदिक्कांनी मला खुणेने सांगितलं, चहा नको, पाणी दे.

कॉन्सुलेटच्या खिडकीवरचा माणूस समजूतदार होता. महाराष्ट्रातली हीच गोष्ट, म्हणाला, आठवड्याला एक तरी येतेच. प्रतिज्ञापत्राचा मजकूर सांगितला: मंगल शिवाजी पाटील आणि मधुरा विक्रम मोहिते ही एकच व्यक्ती. "आणि पुढे कोणतं नाव चालू ठेवणार, तेही लिहा. कॅनडाच्या फाइलला तेच लागेल. परत परत बदलता येणार नाही."

बाईंनी पेन उघडलं, बंद केलं आणि माझ्या फोनवरून इस्लामपूरला फोन लावला. शेजारीच बसलो होतो, उठून जाणं बरं दिसेना, म्हणून ऐकलं.

"आप्पा, नमस्कार. हो, तो बरा आहे... नाही, घरी नाही, व्हिसाच्या कामाला गेलाय. आप्पा, एक सांगायचं होतं. मी कागदावर मंगल ठेवतेय." पलीकडून काहीतरी मोठं लांबलचक आलं. बाईंनी मध्येच तोडलं नाही. मग म्हणाल्या, "राग नाही हो. मधुरा तुम्ही हौसेने ठेवलंत, घरी त्याच नावाने हाक मारा, मी ओ देईन. पण त्या पदवीसाठी माझ्या वडिलांनी म्हैस विकली होती, आप्पा. ती मंगलची आहे. मधुराला कुणी शाळेत घातलं नव्हतं."

मग ऐकत राहिल्या. शेवटी "हो, जेवते" म्हणाल्या आणि फोन मला परत दिला.

मी भीतभीत विचारलं, "ताई, विक्रमसाहेबांना नाही विचारायचं?"

"त्याने ताटात लिहिताना मला विचारलं होतं का?" त्या म्हणाल्या, आणि सही केली. सही इंग्रजीत, मंगल.

शिक्के झाले, अरबी भाषांतर झालं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद वाचला, उठून आत गेल्या. आम्ही उभे. काचेपलीकडे मॅडम कुणाशी तरी बोलताना दिसत होत्या, हातवारे करून, बहुधा तांदळाचं ताट समजावत असाव्यात. बाहेर आल्या तेव्हा कागदावर हिरव्या शाईची सही होती.

"खलास," म्हणाल्या. "मधुरा मिल गई। शौहर को बोलो, मंगल ने बुलाया है।"

फॅक्स गेला. मूळ व्हिसा मी विमानतळावर जमा केला, पावती घेतली, पावतीची झेरॉक्स काढली आणि झेरॉक्सचीही एक काढली. हमीदिक्का म्हणाले, "यल्ला, चल, अब तो साँस ले।"

संध्याकाळी बाई ड्युटी बदलून घेऊन टर्मिनलला आल्या. दार उघडायचं, फिलिपिनो पोरी इराणात बांधावे लागलेले डोक्यावरचे रुमाल सोडत हसत बाहेर पडायच्या, दार बंद व्हायचं. बहुतेक सगळे निघून गेले आणि मी मनात पावतीचा नंबर आठवायला लागलो, तेव्हा विक्रमसाहेब आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, हातात ती व्हिसाची कॉपी अजून धरलेली.

माझ्याशी हात मिळवला. मग बायकोकडे बघून म्हणाले, "चल, मंगल."

"काय म्हणालास?"

"यावर तसंच लिहिलंय." त्यांनी कॉपी पुढे केली. "प्रायोजक मंगल शिवाजी पाटील. फॅक्स आल्यापासून तेच वाचतोय, पाठ झालं मला."

बाईंनी कॉपी घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. टॅक्सीच्या रांगेपर्यंत दोघांचं भाकऱ्यांवरून काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं.

त्यांची फाइल त्याच वर्षी गेली. उत्तर यायला वर्षं लागली. तोवर विक्रमसाहेबांना परत नोकरी लागली, कंपनीने कामाचा वेगळा परवाना काढला, तरी व्हिसा बायकोचाच राहिला. म्हणाले, आता सवय झाली. जायच्या आधी दोघं दुकानात आले, हमीदिक्कांना सुकामेवा, मला एक चांगलं चामड्याचं फोल्डर. ते मी वापरलं नाही. खराब झालं असतं.

ही हकीकत इथे संपायला हरकत नाही. पण हे लिहायला बसलो ते पुढच्यासाठी.

मोहित्यांच्या भानगडीनंतरच्या सुट्टीत माझं लग्न ठरलं. मुलगी शेजारच्या गावची, नाव शेवंता. आमच्या आत्याने नवं नाव काढून ठेवलं होतं, सानिका. घरी सगळ्यांना आवडलेलं. तेव्हा माझा पगार असा की बायकोला दुबईला न्यायचा विचारही करता येत नव्हता. तिकडे त्याला पगाराची अट असते. दिवसभर लोकांच्या बायकांचे व्हिसे छातीशी धरून फिरायचो, आणि आपली बायको गुहागरला राहणार, हे लग्नाआधीच पक्कं होतं. नाव काहीही ठेवलं तरी कुणाचं काही अडणार नव्हतं.

ताट आलं. तांदूळ सारखे केलेले. भटजींनी अंगठी हातात दिली. सगळे वाकून बघत होते. मी लिहिलं, शेवंता.

"अरे, विसरलास काय?" आत्या म्हणाली. "सानिका. सा."

"नाही विसरलो."

"मग? ते तर तिचं आहेच."

काय सांगणार? मॅडम, मुदीर, किश बेट, हे तिथे कुणाला कळलं असतं? म्हटलं, "दुबईत चालत नाही, आत्या. सरकारी नियम आहे." दुबईचं नाव घेतलं की आमच्याकडे पुढे कुणी बोलत नाही. भटजी हसले, पेढे वाटले गेले. मुंडावळ्यांतून शेवंताने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याआधी आम्ही धड बोललोही नव्हतो.

हमीदिक्कांनी माझा पगार आणि हुद्दा दोन्ही वाढवलं, त्यालाही मध्ये खूप वर्षं गेली. मग एक दिवस मी स्वतःच्या बायकोचा अर्ज घेऊन त्याच इमारतीत उभा राहिलो. फोल्डर तेच जुनं प्लास्टिकचं. काउंटर नवे, माणसंही नवी. तरुण स्थानिक अधिकारी. त्याने पासपोर्ट उघडला, सर्टिफिकेट उघडलं, बोट एका नावावरून दुसऱ्या नावावर नेलं. दोन्हीकडे शेवंता.

शिक्का मारून त्याने कागद माझ्याकडे सरकवले. काही विचारलं नाही. वरसुद्धा पाहिलं नाही.